सक्रिय खेळाडू

आत्याला खेळातून हाकलल्याचा निरोप आला तेव्हा ती चहा पीत होती. तिने आधी चहा संपवला, मग चष्मा पुसला आणि मोबाईल माझ्याकडे सरकवला.

"वाच जरा. मोठ्याने वाच. मला वाटतं मीच चुकीचं वाचतेय."

मी वाचलं. 'प्रिय खेळाडू, आपण सामन्यांमध्ये निष्क्रिय राहून सहभागाचे गुण मिळवत असल्याचे आढळून आले आहे. खिलाडूवृत्तीच्या रक्षणासाठी आपले खाते कायमचे बंद करण्यात येत आहे. आपला दिवस आनंदात जावो.'

"निष्क्रिय म्हणजे मी?"

"असं लिहिलंय खरं."

"आणि दिवस आनंदात जावो, हेही त्यांनीच लिहिलंय?"

"हो."

"म्हणजे लाथही मारायची आणि वर कपडे झटकून द्यायचे," आत्या म्हणाली आणि कप विसळायला उठली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही दोघी एकत्र राहतो. तिचं सगळं आयुष्य तरणतलावाच्या काठावर गेलं. ती पोहणं शिकवायची, म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून काठाकाठाने फिरत ओरडायची. पाण्यात शाळाभर पोरांची डोकी वरखाली होत असताना त्यातलं कुठलं डोकं दमलंय, हे तिला नुसत्या मानेवरून कळायचं. पोराच्या नाकात पाणी जायच्या आत हिची काठी त्याच्यासमोर आलेली असायची. पुढे तिच्या हातांना कंप सुटला. डॉक्टरांनी त्या आजाराला एक नाव दिलं, ते आत्याने कधी तोंडातून काढलं नाही. "माझ्या हातांना थंडी वाजते," एवढंच ती सांगायची. कप अर्धा भरावा लागायचा, ब्लाउजच्या हुकांशी झटापट व्हायची. बोटांना काहीतरी उद्योग द्या, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी तिला दीपगृहाच्या खेळात ओढलं. मी आधीपासून खेळत होते.

खेळ साधा आहे. पाच जणांचे दोन संघ, प्रत्येकाचं एक दीपगृह. किनाऱ्यावरून तेलाची पिंपं आणायची, आपल्या दीपगृहात ओतायची, ज्याचा दिवा आधी लागेल तो जिंकला. वाटेत समोरचे लोक पिंपं पळवायला टपलेले असतात. प्रत्येक दीपगृहाला लोखंडी जाळीचं एक दार असतं आणि त्या दारावर एक गडी उभा असतो. शत्रू आत घुसायच्या क्षणी त्याने जाळी खाली सोडायची. एकदा सोडली की वर चढायला बराच वेळ लागतो, म्हणून घाई केली तर आपलीच माणसं बाहेर अडकतात आणि उशीर केला तर शत्रू तेल सांडून जातो. हे दार आत्याकडे होतं. धावपळ नाही, एकच बटण, पण नजर सतत चार वाटांवर. हात थरथरत असतानाही तिचं ते एक बटण चुकायचं नाही. कारण ती हाताने खेळतच नव्हती, मानेवरून ओळखत होती.

आणि ही निष्क्रिय.

आमच्या संघात आणखी दोन जण होते, ज्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. एकाने स्वतःचं नाव घुबड ठेवलं होतं आणि दुसऱ्याने चिमटा. दोघं पिंपं वाहायचे आणि कामापुरतं बोलायचे. पाचवा, म्हणजे स्वतःच्या मते पहिला, माझ्या ताईचा नवरा. तो आमचा कॅप्टन.

भावोजींविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते स्वतःविषयी नेहमी सविस्तरच सांगतात. त्यांचा व्यवसाय म्हणजे ऑफिसा-ऑफिसांत जाऊन लोकांना संघभावना शिकवणं. चांगल्या हिशेबनीसांना आणि टायपिस्टांना गोल बसवायचं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावायचं, एक चेंडू फिरवायचा, आणि संध्याकाळी प्रत्येकाकडून 'आज मी बदललो' असं वदवून घ्यायचं. घरातही त्यांची भाषा तीच. ताईने भांडी घासायला सांगितली की ते म्हणायचे, "हे आपण मिळून बघू या," आणि खरोखर बघायचे. 

खेळात त्यांच्या गड्याच्या डोक्यावर सोन्याचं शिरस्त्राण होतं. सामना संपेपर्यंत मैदानात हजर राहिलं की सहभागाचे गुण मिळतात, आणि ते गुण डोंगराएवढे साठले की हे शिरस्त्राण मिळतं. आमच्यापैकी कुणाकडेच ते नव्हतं, कारण आम्हाला नोकऱ्या होत्या. भावोजींनी त्या शिरस्त्राणाचं चित्र आपल्या व्याख्यानात घातलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'नेता मैदान सोडत नाही.'

नेता मैदान सोडत नव्हता हे खरं. नेता गावाच्या मधल्या विहिरीभोवती गोल गोल फिरत असायचा आणि मधूनमधून उड्या मारायचा.

"मी मध्य धरून ठेवलाय," ते हेडफोनवरून सांगायचे. "तुम्ही निश्चिंत राहा."

त्या मध्यातून कधी कुणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. पण कॅप्टन म्हणतोय म्हटल्यावर आम्हाला वाटायचं, असेल काहीतरी डावपेच. पुष्कळदा त्यांचा आवाजही यायचा नाही, मग दुसऱ्या दिवशी ते म्हणायचे, माईक बिघडला होता. आत्या मात्र एकदा म्हणाली होती, "हा माणूस पाण्यात असता तर मी काठी काढली असती." मी हसून सोडून दिलं.

आत्याचं खातं बंद झाल्यावर मी खेळाच्या कंपनीला लिहिलं. बाईंना हातांचा आजार आहे, त्या दारावर उभ्या राहून खेळतात, त्यांनी सोडलेल्या जाळ्या मोजा म्हणजे कळेल. उत्तर इतक्या लगेच आलं की कुणी माणसाने ते वाचलं असणं शक्यच नव्हतं. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. आपण डॉक्टरांचा दाखला आणि दोन्ही हात व चेहरा एकत्र दिसतील असा खेळतानाचा व्हिडिओ पाठवावा, म्हणजे आपण खरोखर खेळता की नाही याची खातरजमा करता येईल.

मी आत्याला हे सांगितलं तेव्हा ती टॉवेलची घडी घालत होती. तिने घडी पुरी केली, तिला वेळ लागला, पण केली.

"मी माझे हात कुणाला पाठवणार नाही."

"अगं, एक मिनिटाचा तर व्हिडिओ. मी काढते."

"ज्यांना माझा खेळ बघून कळलं नाही, त्यांना माझी थरथर बघून काय कळणार? दया येईल फार तर. खेळायला दयेवर जायचं असतं का?"

मी मोबाईल ठेवून दिला. तेव्हा विषय तिथेच थांबला, आणि संघात आम्ही चौघं उरलो.

याच आठवड्यात मला ताईकडे जायचं होतं. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. ताईच्या सासूबाईंची नवी कवळी आमच्याकडेच बनली होती आणि खालची बाजू हिरडीला बोचत होती, म्हणून मी ती घासून गुळगुळीत करून घेऊन गेले. संध्याकाळ होती. ताई अजून ऑफिसातून आली नव्हती. सासूबाईंनी दार उघडलं. तोंडात दात नसल्यामुळे त्यांचं बोलणं थोडं ओलं येत होतं, पण स्पष्ट.

"ये. तो बाल्कनीत फोनवर आहे. तू आत बस, पण पंख्याला हात लावू नकोस."

"का? बिघडलाय?"

"नाही गं. तो खेळतोय."

मला वाटलं, दातांअभावी शब्द सांडले. मी आतल्या खोलीत गेले आणि बघते तर पंखा खरोखर खेळत होता.

टेबलावर एक साधा टेबलफॅन मान फिरवत होता. त्याच्या जाळीला सुतळी बांधली होती. सुतळीचं दुसरं टोक खेळाच्या कंट्रोलरच्या दांडीला. कंट्रोलर एका जाड पुस्तकावर चिकटपट्टीने बसवला होता, आणि उडीच्या बटणावर कपड्यांचा चिमटा आणि खोडरबर अशी काहीतरी युक्ती होती की पंख्याची मान परत वळली की ते बटण दाबलं जायचं. पंखा उजवीकडे वळला की गडी उजवीकडे, डावीकडे वळला की गडी डावीकडे आणि मग उडी. समोर पडद्यावर सोन्याचं शिरस्त्राण विहिरीभोवती फिरत होतं. त्याच्या संघातले कुणी अनोळखी लोक ओरडत होते, "अरे कॅप्टन, मदतीला या, किनाऱ्यावर या." पंखा मान हलवत होता. दिसायला ते नकारासारखं दिसत होतं.

"बंद केला की चिडतो," सासूबाई मागून म्हणाल्या. "थंडीतसुद्धा चालूच. मी एकदा दुसऱ्या खोलीत नेला होता, तर केवढा आरडाओरडा केला. म्हणे, आई, तू माझं करिअर उचलून नेलंस."

बाल्कनीतून भावोजींचा आवाज येत होता. "सहभाग म्हणजे केवळ उपस्थिती नव्हे," ते कुणाला तरी फोनवर समजावत होते. "सहभाग ही आतून येणारी गोष्ट आहे." मी सासूबाईंना कवळी बसवून दिली, चावायला लावून पाहिली, आणि भावोजींचा फोन संपायची वाट बघत बसले.

ते आत आले, मला बघितलं, पंख्याकडे बघितलं आणि हसले. शरमेचा मागमूस नाही. पाहुण्याला आपली नवी गाडी दिसल्यावर हसावं तसे हसले.

"बघितलंस? मी स्वतः बनवलंय. दांडीचा ताण जमायला फार वेळ लागला."

"भावोजी, ही फसवणूक आहे."

"फसवणूक कसली? सिस्टीम काय मागते? हालचाल. मी हालचाल देतो. आता सिस्टीमला अक्कल नाही, त्याला मी काय करणार?"

"आम्ही चौघं मरमर राबायचो, आणि तुम्ही मध्य धरायचात."

"मी रणनीतीच्या पातळीवर असायचो," ते म्हणाले. "तुला ते कळायला वेळ लागेल."

पंखा सुटतो आणि आत्या सापडते, हे कुणी नाव दिल्याशिवाय होणार नाही, असं माझ्या मनात तोपर्यंत घर करून बसलं होतं. मी विचारलं, "आत्याचं नाव कुणी दिलं?"

इथे मात्र त्यांनी पंखा बंद केला. कदाचित सुतळी नीट करायची असेल. "हे बघ, कंपनीचा निरोप आला होता. तुमच्या संघात एक खेळाडू निष्क्रिय, यंत्रवत वाटतो, कर्णधाराने त्याचं नाव कळवावं, नाहीतर सगळा संघ बाद. आता मला संघाचा विचार करायचा होता."

"यंत्रवत तुम्ही होतात."

"मी कॅप्टन आहे. कॅप्टनच गेला तर संघ कसला? आणि आत्या काय करायच्या? दारावर उभ्या राहायच्या. तिथे उभंच तर राहायचं असतं. आता त्यांचं वय झालंय, हात तसे. हॉलमधल्या सामन्यात लोकांसमोर त्यांची फजिती झाली असती. मी त्यांना त्यातून वाचवलं, असं बघ ना."

हॉलमधला सामना म्हणजे हंगामाच्या शेवटी शहरातल्या वरच्या संघांना प्रत्यक्ष बोलावून खेळवतात तो. आमचं नाव त्यात आलं होतं. भावोजींनी ही बातमी त्यांच्या साहेबापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती. साहेब तर बघायलाच येणार होते.

एवढ्यात ताई आली. खांद्यावर पिशवी, हातात भाजी. तिने मला बघितलं, बंद पंख्याकडे बघितलं आणि काय झालं असेल ते तिला समजलं.

"तुला माहीत होतं?" मी तिला स्वयंपाकघरात विचारलं.

"पंख्याचं माहीत होतं. आत्याचं नव्हतं." तिने भाजी नळाखाली धरली. "घरातसुद्धा तो मध्यच धरून असतो. मी म्हटलं, निदान बाहेर कुणाचं नुकसान होत नाहीये."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन रीतसर तक्रार केली. कॅप्टनच्या गड्याच्या जागी पंखा खेळतो, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. उत्तर आलं, तसंच झटपट. 'संबंधित खेळाडू तपासलेल्या सर्व सामन्यांत संपूर्ण वेळ सक्रिय होता. त्याचा सहभाग अनुकरणीय आहे. खोट्या तक्रारी केल्यास आपल्यावर कारवाई होऊ शकते.'

मी ते आत्याला वाचून दाखवलं आणि मग सगळी हकिगत सांगितली. सुतळी, कपड्यांचा चिमटा, खोडरबर, सगळं. मला वाटलं होतं ती भडकेल. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "टेबलावरचा पंखा की उभा?"

"टेबलावरचा."

"आणि त्याच्याकडे कुणी डॉक्टरांचा दाखला मागितला नाही."

"नाही."

ती हसायला लागली. मग हसणं थांबलं. तिला लागलं होतं. भावोजींचं तिला काही वाटलं नसावं, त्यांना ती आधीपासून ओळखून होती. पण हातातून एकेक काम निसटत असताना जे एक काम तिला अजून पक्कं जमत होतं, ते कुणीतरी बघून सुद्धा न बघितल्यासारखं केलं होतं, आणि पंख्याला शाबासकी दिली होती.

"मी सगळ्यांना सांगते," मी म्हटलं. "घुबडला, चिमट्याला. सामना रद्द करू."

"मुळीच नाही. जावईबापू खेळणार म्हणालेत ना, खेळू देत. हॉलमध्ये पंखा नेता येत नाही."

सामना दुपारी होता. प्रदर्शनं भरतात तसला मोठा हॉल, समोरासमोर दोन लांब टेबलं, प्रत्येकाला पाच खुर्च्या आणि मध्ये भिंतीएवढा पडदा. सगळी यंत्रं त्यांची. आमच्या टेबलाशी एक राकट, दरवाजाएवढा माणूस अवघडून उभा होता. त्याने अगदी बारीक आवाजात "मी चिमटा" म्हणून ओळख करून दिली. घुबड निघाली शाळेची बस चालवणारी बाई. भावोजी नवा शर्ट घालून आले होते, त्यावर शिरस्त्राण छापून घेतलेलं. पहिल्या रांगेत त्यांचे साहेब सपत्नीक बसले होते. सासूबाई नवी कवळी घालून, ताई, आणि शेवटच्या खुर्चीवर मांडीवर पर्स घेऊन आत्या.

"पाचवी जागा रिकामीच राहू दे," भावोजी म्हणाले. "चौघांत नियमाने चालतं. आणि दार मी घेतो."

"दार तुम्ही घेता?" घुबडने विचारलं. "कधी घेतलंय का आधी?"

"तिथे काय, उभंच तर राहायचं असतं."

पंच म्हणून एक उंच बाई होत्या, त्यांना या खेळापेक्षा आपल्या घड्याळात जास्त रस दिसत होता. त्यांनी शिट्टी वाजवली आणि पहिला डाव सुरू झाला. इथे वेळ लावून दोन डाव होतात, आणि पहिल्यात साठलेलं तेल दुसऱ्यात तसंच राहतं.

मी किनाऱ्यावरून पहिलं पिंप उचललं, चिमट्याने माझी पाठ राखली, घुबड पुढे. दीपगृह जवळ आलं. शत्रूचा मागमूस नव्हता. आम्ही दाराशी पोचलो आणि खाडकन जाळी आमच्या तोंडावर पडली.

"अरे, तुम्हीच होय," भावोजी म्हणाले. "मला वाटलं ते आहेत."

जाळी वर चढेपर्यंत समोरचे आलेच आणि आमचं पिंप घेऊन गेले. दुसऱ्या खेपेला आम्ही सुखरूप आत गेलो, पण आमच्या मागोमाग शत्रूही आला, कारण आमचा दारवान जाळी सोडायचं बटण शोधत होता. पंखा कुठलं बटण दाबायचा हे त्यांना पाठ होतं, बाकीची बटणं त्यांच्या ओळखीची नव्हती. भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांचा गडी दारात उड्या मारत होता आणि शत्रू त्याला वळसा घालून आत तेल सांडत होते. हॉलमध्ये कुणीतरी खो खो हसलं. साहेबांच्या पत्नीने साहेबांना काहीतरी विचारलं, त्यावर साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"हे यंत्र वेगळं आहे," भावोजी कपाळ पुसत म्हणाले. "माझ्या घरच्याची दांडी मऊ आहे."

पुढचं पिंपही जाळीबाहेर राहिलं, तेव्हा चिमट्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो रागावला नव्हता, थकला होता. डाव संपला तेव्हा समोरच्यांचं दीपगृह काठोकाठ भरत आलं होतं आणि आमच्यात तळाला पाय भिजतील इतकंच तेल होतं.

मधल्या सुट्टीत घुबड उठून पंचबाईंकडे गेली. "पाचवी खुर्ची रिकामी आहे. आमच्या दारवानबाई इथेच बसल्यात. त्या बसल्या तर चालेल?"

"बसू देत की."

मला खरं बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "पण त्यांचं खातं कंपनीने बंद केलंय. निष्क्रिय म्हणून."

पंचबाईंनी पहिल्यांदाच घड्याळावरून डोळे उचलले. त्यांनी आत्याकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं आणि मग आमच्या कॅप्टनकडे. त्यांनी पहिला डाव पाहिला होता.

"ते खात्याचं झालं. इथे खाती नाहीत, खुर्च्या आहेत. बसेल तो खेळेल."

आत्याला मी विचारायला गेले तर ती पर्स सासूबाईंच्या मांडीवर ठेवून आधीच उठली होती. टेबलाशी येऊन ती भावोजींच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"उठा जावईबापू. दार माझं. तुम्ही पिंपं उचला."

"आत्या, माझं मनगट जरा..."

"पिंपं खांद्यावर असतात. मनगटाला काही होत नाही."

साहेब बघत होते. भावोजी उठून पाचव्या खुर्चीत बसले.

दुसऱ्या डावात आत्याचे हात कंट्रोलरवर एवढे थरथरत होते की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हलत होतं. लोकांना ते दिसत होतं, तिला ते माहीत होतं, आणि तिने तिकडे लक्ष दिलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. "डावीकडून दोघं येतायत, मागचा दमलाय, तो थांबेल," ती शांतपणे म्हणाली, आणि मागचा थांबला. आम्ही आत शिरलो, पाठलाग करणारा दारात आला आणि जाळी त्याच्या नाकावर पडली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जाळी पडली तेव्हा समोरच्या टेबलावरून एकाने मान वाकवून तिच्याकडे बघितलं.

मधल्या वेळात ती भावोजींवर ओरडत होती. काठावरून पोरांवर ओरडायची अगदी तसंच. "जावईबापू, विहीर सोडा. विहिरीत तेल नसतं." "उड्या कशाला मारताय, पळा." "ते पिंप उलटं धरलंय तुम्ही." भावोजी पळत होते. त्यांचा गडी खडकांवर आपटत होता, पाण्यात पडत होता, आणि त्यांचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या हंगामात ते पहिल्यांदाच खेळत होते. एक पिंप त्यांनी कसंबसं दारापर्यंत आणलं सुद्धा.

आम्ही हरलो. पहिल्या डावात गेलेलं तेल भरून निघणं शक्यच नव्हतं. पण दुसऱ्या डावात आत्याच्या दारातून एकही शत्रू आत गेला नाही, आणि उठताना समोरचे पाचही जण टेबलाला वळसा घालून तिच्याशी हात मिळवायला आले. तिने पाचही वेळा तो थरथरता हात पुढे केला.

पुढे काय झालं तेही सांगते. कंपनीने आत्याचं खातं उघडलं नाही. मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा दाखला मागितला, आम्ही पाठवला नाही. भावोजींना हंगामाच्या शेवटी अखंड सहभागाबद्दल मानपत्र आलं. ते त्यांनी काचेच्या चौकटीत घालून लावलंय. साहेबांनी त्यांना त्या सामन्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की खरा नेता योग्य वेळी आपली जागा दुसऱ्याला देतो, आणि मी ती दिली. आता हे वाक्यही व्याख्यानात आहे. लोक लिहून घेतात म्हणे.

आत्याने नवं खातं काढलं आणि अगदी तळापासून, नवशिक्यांबरोबर, पुन्हा सुरुवात केली. घुबड आणि चिमटा आपापली वरची पायरी सोडून तिच्या मागे खाली आले. मीही गेले. कॅप्टन आम्ही नेमला नाही, कुणाला गरज वाटली नाही. भावोजींनी एकदा विचारून पाहिलं की पाचवी जागा भरायचीय का. आत्या म्हणाली, भरली.

ती ताईने भरली होती. तिला यातलं काही येत नाही. ती वाटा चुकते, समोर शत्रू दिसला की डोळे मिटते आणि पिंप टाकून पळते. परवा संध्याकाळी खेळत असताना तिच्या हेडफोनमधून आम्हाला बाहेरच्या खोलीतला भावोजींचा आवाज ऐकू आला. "अगं, डावीकडून जा, डावीकडे मोकळं आहे."

"मी खेळतेय," ताई म्हणाली. "तू कुकर बंद कर."

ती उजवीकडून गेली, खडकाला धडकली आणि तिचं पिंप गडगडत समुद्रात गेलं.

"परत जा," आत्या म्हणाली. "दुसरं आण. मी दार उघडं ठेवलंय."

ताई किनाऱ्याकडे पळाली.